रिबिन बांधलेलं बटन

बरेच दिवस मी घरातलं एकबी बटन बोटानं दाबलं नाई. बेलन्यानं दाबलं. पोळ्या लाटाचं बेलनं. सैपाकखोलीतून बेलनं घेऊन निंघाचं, पंख्याचं बटन खाली, लाइटीचं बटन खाली, अन् बेलनं परत पोळपाटावर. आमच्या आत्याबाई, म्हंजे माह्या सासूबाई, शेजारनीले सांगत, "पाहा बाप्पा आमची सून. पोळी लाटते का लाइट लाटते, काई समजत नाई." शेजारीन हासे, मीबी हासो. पन बोट काई मी लावलं नाई.

याचं कारन कूलर. भिलाईचा उन्हाळा, सेक्टरमधला आमचा क्वार्टर, खिडकीत लोखंडी कूलर, अन् माही पोरगी तवा पोटात. पाय ओले, चप्पल दारात. मी बालटीनं कूलरात पानी ओतलं अन् तोल सावराले हात पत्र्यावर टेकवला. टेकवला कायचा, त्यानंच धरला. आतून कोनीतरी हात पकडून पिळून राहिलं असं वाटलं, तोंडातून आवाज निंघे ना, अन् मंग मी खाटेपाशी जाऊन पडली. दवाखान्यात जाईलोक सारा रस्ता ऑटोत मी पोटालेच इचारत होती, "हालून राहिली ना वो? हालून राहिली ना?" हालून राहिली होती. पुढं चांगली धडधाकट आली, रडतच आली. पन ते भेव माह्या हातातून गेलं नाई. हातातच बसलं.

अन् माहं नशीब असं का माहा एकच पेपर राह्यला होता, अन् तो करंटचाच!

मी काई लय शिकलेली नाई. मेकॅनिकलचा डिप्लोमा, तोबी अर्धवट. मधीच लगन झालं, मंग पोरगी झाली. बाकीचे पेपर एकेक करत निंघाले, पन 'बेसिक इलेक्ट्रिकल' काई निंघे ना. हा पेपर आमच्यासारख्यायसाठीच असते, मेकॅनिकल, सिविल, अशा पोट्ट्यायसाठी, ज्यायले जिंदगीत करंटचं काम कराचं नाई पन थोडंफार समजलं पायजे. लेखी मी कसंबसं काढलं होतं. प्रॅक्टिकल अडकलं. मागच्या बारीनं जोडनी केली, अन् मंग बटनासमोर हात नेऊन मी तशीच उभी राह्यली. हात जायेच ना. सरनं वाट पाह्यली, घड्याळ पाह्यलं, अन् म्हनले, "चलो, अगला."

आता शेवटचा चान्स होता. या बारीनं नाई निंघालं तं डिप्लोमाच गेला, मागचे सारे पेपर पान्यात. आमचे हे हथखोजच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात मशीनवर आहेत. ते म्हनले, "आमच्याकडे माल तपासाले डिप्लोमावाली लेडीज पायजे म्हने. तू कागद हातात येऊ दे, मी साहेबासंग बोलतो." अन् आत्याबाई म्हनल्या, "मी पोरीले पाहाते. माहे गुडघे दुखतात तरी पाहाते. पन या बारीनं झालं तं झालं, नाई तं पुस्तकं माळ्यावर." त्या वाईट नोहोत्या. त्यायचे गुडघे खरंच दुखत.

म्हनून मी परत जाऊ लागली. जुनवानीच्या अलीकडे आमचं कॉलेज. नियम असा का प्रॅक्टिकल नवीन पोट्ट्यायसंग बसून पुरं कराचं. सकाळी पोरीले दूध पाजाचं, डब्बे भराचे, धावत ऑटो पकडाचा, सिविक सेंटरले उतरून दुसरा ऑटो, अन् लॅबच्या दारात पोचेलोक माहा जीव तोंडात. वर्गात सारे बारकेसे पोट्टे-पोट्टी. पहिल्याच दिवशी माहं नाव 'भाभी' पडलं.

त्या वर्षी मॅडम नवीन होत्या. बारक्या अंगाच्या, आवाज मोठा. आल्या अन् पुस्तक उघडलंच नाई. इचारलं, "करंट किसी ने देखा है?"

मांगून एक सिविलचा पोट्टा म्हनला, "मैडम, देखा नहीं, खाया है!"

सारा वर्ग हासला. मी हासली नाई, माह्या हाताले मुंग्या आल्या.

मॅडमबी हासल्या. म्हनल्या, "बढ़िया. तो स्वाद बताओ." अन् मंग त्यायनं सांगितलं का तुमी इलेक्ट्रिकलवाले नाई, हेच चांगलं आहे. तुमाले पाठ काई नाई, म्हनून तुमाले समजून घ्याच लागन. त्यायची शिकवाची रीतच येगळी. मेकॅनिकलवाल्यानं सिविलवाल्याले शिकवाचं, सिविलवाल्यानं मेकॅनिकलवाल्याले, आपापल्या भाषेत. अन् टेबलावर जोडनी झाली का बटन दाबाच्या आधी एकानं वायरवर बोट ठेवून सुरूपासून शेवटलोक चालाचं, मोठ्यानं सांगत, का आता करंट इथं आला, आता इथून निंघाला. त्यायचा शब्दच होता, "चलके दिखाओ." जो चालला नाई त्याले बटन नाई.

माही बारी आली. जोडनी सोपी होती, एक लट्टू, म्हंजे बल्ब, अन् एक बटन. चालून दाखवलं. मंग सारे माह्याकडे पाहून राहिले. मी पर्समदी हात घातला अन् माह्या पोरीचं खेळन्यातलं लाकडी बेलनं काढलं. घरचं मोठं कसं आनू? म्हनून बारकं आनलं होतं. त्यानं बटन दाबलं.

बाप्पा, काय हासले पोट्टे! एक जन टेबलावर डोकं ठेवून हासला. "भाभी, चकला भी लाए हो क्या?" दुसरा म्हने, "मैडम, रोटी बन गई!" लट्टू लागला होता, पन कोनी लट्टूकडे पाहे ना. माहे कान तापले. वाटलं आत्ता पर्स उचलाची अन् घरी जाचं.

मॅडम मले बाहेर घेऊन गेल्या. मले वाटलं रागावतीन. त्या माह्या गळ्यातल्या पोतीकडे पाहून म्हनल्या, "तू मराठी होय का वो?"

मी पाहातच राह्यली. म्हनलं, "हाव. तुमी?"

"माहे बाबा रेल्वेत. नागपूरकडचे आमी, या दुर्ग लाइनवरच वाढली मी. बेलनं कावून आनलं?"

मी सारं सांगितलं. कूलर, पोट, ऑटो, सारं एका दमात, मधी श्वासबी घेतला नाई. त्यायनं ऐकलं. अन् कीव नाई केली, काई नाई, फक्त इचारलं, "त्या कूलरची पिन पाह्यली का तू?"

"कोनती पिन?"

"उद्या सांगते. साऱ्यायले सांगते."

दुसऱ्या दिवशी त्या तीन पिनचा प्लग घेऊन आल्या. दोन बारक्या पिना, अन् वरती तिसरी, जाड अन् लांब. म्हनल्या, "ये तीसरी मोटी क्यों है? लंबी क्यों है? सिविलवाले बताओ." कोनाले आलं नाई. मंग त्यायनं सांगितलं. ही पिन मशीनच्या पत्र्याले जोडलेली असते, अन् तिकडे भिंतीतून जमिनीत गेलेली असते. लांब याच्यासाठी का बोर्डात घालताना सगळ्यायच्या आधी हीच लागावी अन् काढताना सगळ्यायच्या मांगून हीच सुटावी. आत वायर सुटून पत्र्याले लागली, तं करंट या जाड रस्त्यानं जमिनीत जाते, फ्यूज उडते, मानसाच्या अंगात येत नाई. अन् ही पिन नसली तं? त्यायनं माह्याकडे पाह्यलं नाई, पन मले समजलं कोनासाठी बोलून राहिल्या. "तो पत्रा रुका रहता है. कि कोई गीले पैर से आए और हाथ लगाए."

माह्या आंगावर काटा आला. भेवाचा नाई, येगळाच. इतके दिवस मले वाटे करंट म्हंजे भूत, कोनालेबी धरते, कवाबी धरते. अन् इथं तं त्याचा हिशोब होता! त्याले रस्ता पायजे होता, अन् त्या दिवशी रस्ता मी झाली. बस एवढंच. लॅब सुटताच मी धावत निंघाली. ऑटोतून उतरली, जिना चढली, आत्याबाई म्हनत राह्यल्या, "अवो चप्पल तं काढ, पोरगी रडून राहिली", अन् मी सिद्धी बाल्कनीत. थंडी होती, कूलर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला. वायर ओढली. प्लग पाह्यला.

दोनच पिना. तिसरीच्या जागी तुटकं ठूठ.

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले तं मी दारातच प्लग त्यायच्या नाकासमोर धरला. ते म्हनले, "हाव, मीच तं मोडली प्लासनं. आपल्या बोर्डाले दोनच छेद आहेत ना. तिसरी बसेच ना. सारेच मोडतात, त्यात काय?"

सारेच मोडतात. खरं होतं. मी दुसऱ्या दिवशी शेजारपाजारी जाऊन पाह्यलं. एकाची मोडलेली, एकाची घासलेली, एकानं तं प्लगच काढून नुसत्या वायरी काडीनं खोचल्या होत्या. ह्यायले हे सांगितलं तं त्यायनं तो तुटका प्लग हातात घेतला, उलटासुलटा करून पाह्यला, अन् मंग पोरीले उचलून घेतलं.

पन खरी अडचन पुढंच होती. परीक्षेत लट्टूची जोडनी येनार, त्यात दोन मीटर लावाचे. एक अ‍ॅमीटर, करंट मोजाले. दुसरा व्होल्टमीटर, जोर मोजाले. दोन्ही दिसाले सारखे, तशीच काच, तसाच काटा. अन् माह्या डोक्यात ते उलटसुलट होत. अ‍ॅमीटर वायर तोडून मधात लावाचा, व्होल्टमीटर दोन्ही वायरीले बाजूनं टेकवाचा, एवढंच. पाठ तं होये, पन कावून, हे समजे ना, अन् समजलं नाई म्हनून हातात येई ना. मॅडमनं सांगून ठेवलं होतं, अ‍ॅमीटर बाजूनं टेकवला तं फ्यूज उडाला समजा, अन् परीक्षेत ज्याचा फ्यूज उडाला तो घरी.

एक दिवस ऑटोनं घरी येऊन राहिली होती. भिलाईच्या स्टील प्लांटच्या गेटापाशी ऑटो अडकला. शिफ्ट सुटली होती. स्कूटर, सायकली, मोटरसायकली, नुसता पूर. मधात गार्ड उभा, सारे त्याच्यासमोरून जाऊन राहिले, तो कोनाले अडवून नाई राहिला, नुसता पाहून राहिला. अन् मले एकदम, बाप्पा, एकदम दिसलं! मी ऑटोत ओरडली, "अवो, हा तं अ‍ॅमीटर!"

ऑटोवाला मांगे वळला. "का होगे दीदी? कोनो छूट गे का?"

"नहीं भैया, मिल गया!"

दुसऱ्या दिवशी मी सिविलच्या पोरीयले धरलं. त्यायलेबी ते जमत नोहोतं. म्हनलं, ऐका. ये प्लांट है. एक गेट से आदमी अंदर आता है, वो फेज. दूसरे गेट से बाहर, वो न्यूट्रल. बीच में शॉप, वहाँ काम होता है, पसीना निकलता है, वो बल्ब. अब गार्ड. गार्डले मोजाचं आहे का कितके जन गेले, तं तो कुठं उभा राहीन? रस्त्यातच ना! सारे त्याच्यासमोरून गेले पायजे. अन् तो कोनाले थांबवत नाई, त्याचं फाटक सताड उघडं. हा झाला अ‍ॅमीटर. अन् साहेबाची केबिन? तिचं एक दार आतल्या बाजूले, एक दार बाहेरच्या बाजूले. पन साहेबाच्या केबिनीतून कोनी जाते का?

"पागल हो क्या भाभी, साहब मारेंगे," एक पोरगी म्हनली.

"बस! साहेब दोन्हीकडे पाहाते, इकडे किती रेटा अन् तिकडे किती रेटा. पन त्याच्यातून कोनी जात नाई. हा व्होल्टमीटर. आता सांगा, साहेबाची केबिन काढली अन् तिथं गार्डचं सताड उघडं फाटक लावलं तं काय होईन?"

अन् मंग मांगून तोच, करंट खाल्लेला पोट्टा ओरडला, "सब काम छोड़ के सीधा बाहर भागेंगे!"

"अन् सारे संगच भागले तं?"

"गेट टूट जाएगा! फ्यूज!"

मी टाळीच वाजवली. आंगातून नुसत्या लाटा येऊन राहिल्या होत्या. मी, जिले बटन दाबता येत नाई, ती शिकवून राहिली होती! पोरी म्हनल्या, "भाभी, एक बार और, गार्डवाला." मेकॅनिकलचे पोट्टे टेबलं सोडून आले. मी परत सांगितलं, परत सांगितलं. मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दिवसापासून लॅबमदी कोनी अ‍ॅमीटर म्हने ना. "ए, गार्ड दे इधर." "साहब कहाँ गया?"

पन बटन मी अजून बेलन्यानंच दाबत होती. समजनं डोक्यातलं होतं, भेव हातातलं.

इथं मामाजीयची गोष्ट सांगाच लागन. मामाजी माहे सासरे, प्लांटमदी फिटर. त्यायचं काम बोल्टायचं, करंटचं नाई. पन प्लांटमदी नियम असा का मशीनमदी हात घालाच्या आधी तिची लाइन बंद कराची अन् स्विचवर आपली पाटी टांगाची. अन् ज्याची पाटी, तोच काढन. दुसरा कोनी नाई, मोठा साहेब आला तरी नाई. मामाजीयनं हा नियम घरी आनला होता. साधा लट्टू बदलाचा तरी मेन बंद, अन् मेनवर त्यायचा लाल गमछा. एकदा असाच गमछा टांगला, लट्टू बदलला, अन् गमछा काढाचा विसरून सिविक सेंटरले भाजी आनाले गेले. भर मे महिना. आमी तिघी घामानं निथळून राहिलो, पोरगी रडून राहिली, अन् आत्याबाई गमछ्याकडे पाहून शिव्या देऊन राहिल्या, पन काढला नाई! "त्यायनं टांगला, त्यायलेच काढू दे. त्यायच्या आंगावर येईन काई तं?" मामाजी आले, गमछा काढला, आत्याबाई म्हनल्या, "तुमच्या प्लांटले आग लागो." मामाजी म्हनले, "ते तं रोजच लागली असते."

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरीचे केस बांधता बांधता तिची लाल रिबिन मी माह्या मनगटाले गुंडाळली. कावून ते मले माहीत नाई. तिचं काईतरी आंगावर असावं वाटलं. आत्याबाईयनं दही-साखर हातावर ठेवली, म्हनल्या, "जाय. अन् ते बेलनं परत आन, पोरगी शोधते."

परीक्षा घ्याले सर बाहेरून आलेले. जाडे, घाईतले. मॅडम खिडकीपाशी उभ्या, त्यायले बोलाची परवानगी नोहोती. मले जोडनी तीच आली, लट्टू अन् दोन मीटर. मी सुरू केली. काय लावून राहिली, कुठं लावून राहिली, काई समजे ना. कानात आपलाच श्वास. माह्या आधीच्या टेबलावर "फट्" झालं, एका पोट्ट्याचा फ्यूज उडाला, अन् सर म्हनले, "बैठ जाओ, घर जाओ." तो बॅग उचलून गेला. जोडनी झाली होती. आता सर माह्याकडे येऊन राहिले होते. मी काय करावं? मी मनगटावरची रिबिन सोडली अन् बटनाच्या खुंटीले बांधली. कच्ची गाठ. मनात मामाजीयचा गमछा होता, दुसरं काई नाई.

सर आले. "हो गया? चलो, ऑन करते हैं." अन् त्यायनं सोतानंच हात पुढं केला. रिबिन पाह्यली. "ये क्या है? बर्थडे है क्या?"

पोट्टे हासले. अन् माह्या तोंडातून निंघालं, "मत खोलिए सर!"

मोठ्यानं निंघालं.

"क्यों?"

"जिसने बाँधा, वही खोलता है सर. प्लांट का नियम है."

"किस प्लांट का?"

"मेरे ससुरजी के."

सरनं घड्याळ पाह्यलं. मंग म्हनले, "तो खोलो भई. लंच होना है."

"पहले चलके देखती हूँ सर. अभी चली नहीं."

अन् मी बोट ठेवलं. फेजवर ठेवलं. अन् मोठ्यानं चालाले लागली, कारन मोठ्यानं बोललं का श्वास येते. ये गेट. यहाँ से आदमी अंदर. यहाँ फ्यूज. यहाँ बटन. अब गार्ड मिलना चाहिए... अन् गार्ड नाई. वायर सिद्धी लट्टूले गेलेली. रस्त्यात गार्डच नाई! तं मंग गार्ड कुठं? मी पाह्यलं, लट्टूच्या बाजूले एक मीटर टेकवलेला, तो साहेब, बरोबर. अन् त्याच्या शेजारी दुसरा मीटर, तोबी तसाच दोन्हीकडे टेकवलेला.

"अवो माय! गार्ड केबिनमदी बसला!"

"कौन बैठ गया?" सर म्हनले.

खिडकीपाशी मॅडमनं ओढनी तोंडावर धरली होती. त्या हासून राहिल्या होत्या का रडून, मले दिसलं नाई.

मी सांगितलं. घाबरत सुरू केलं, पन एकदा गेट उघडलं का मंग मी कायची थांबते! प्लांट, शॉप, गार्ड, साहेबाची केबिन, सारं. का आत्ता तुमी बटन दाबलं असतं तं सारे काम सोडून या मीटरमधून सिद्धे बाहेर, लट्टू तं लागलाच नसता, पन फ्यूज गेला असता, मीटर गेला असता, अन् मी गेली असती. घरी. सर लंच विसरले. कमरेवर हात ठेवून ऐकत राह्यले. मंग म्हनले, "गलती किसकी है?"

"मेरी सर. मैंने ही लगाया."

"पकड़ी किसने?"

"मैंने ही."

"तो ठीक भी कर दो."

गार्डले केबिनीतून काढला. वायर सोडली, त्याले रस्त्यात उभा केला. परत बोट ठेवलं, परत चालली, गेट, फ्यूज, बटन, गार्ड, लट्टू, बाहेर. साहेब बाजूनं. आता रिबिन सोडाची होती, ती मलेच सोडाची होती. सोडली. बेलनं पर्समदी, पर्स बाहेर खुर्चीवर. मी दाराकडे पाह्यलं. मंग बटनाकडे पाह्यलं. भेव होतंच, खोटं कावून सांगू. पन मी आत्ताच त्या साऱ्या रस्त्यानं बोटानं चालून आली होती, अन् त्या रस्त्यात मी कुठंच नोहोती.

टक्.

लट्टू लागला! पिवळाजर्द! अन् गार्डचा काटा उचलला, हळूच, जसा कोनी झोपेतून उठते, अन् साहेबाचाबी उचलला, अन् माह्या बोटाले काई झालं नाई. काईच नाई. करंट त्याच्या रस्त्यानं गेला, माह्याकडे त्यानं पाह्यलंबी नाई!

सरनं शेवटी तिसऱ्या पिनचं इचारलं, का लांब कावून. मी इतक्या जोरात सांगाले लागली का ते म्हनले, "अरे बेटा, साँस ले लो पहले."

निकाल लागला तवा मी पोरीले घास भरवून राहिली होती. मॅडमचा फोन आला. "निंघाली वो तू." मले आधी समजलंच नाई, म्हनलं, "कुठं निंघाली? घरीच आहो मी." त्या तिकडे हासाले लागल्या, अन् मंग मी अशी ओरडली का पोरगी भेऊन आत्याबाईयच्या पदरात गेली. ह्यायले हथखोजले फोन केला तं मशीनच्या आवाजात त्यायले आयकू येई ना. "काय? काय उडालं?" "काई नाई उडालं! निंघालं, निंघालं!" ते म्हनले, "थांब, आजच साहेबाले सांगतो."

उन्हाळा आला. कूलर ताडपत्रीखालून निंघाला. मी कॉलनीच्या मिस्त्रीले बोलावून भिंतीत तीन छेदाचा बोर्ड बसवून घेतला, जमिनीची वायर आहे का नाई हे त्याच्याकडून दोनदा तपासून घेतलं, तो म्हने, "दीदी, आप तो इंजीनियर निकलीं." पत्र्याले लागून राहिली होती ती आतली सुटकी वायरबी त्यानं बांधली. नवा प्लग मात्र मी सोता लावला, तिन्ही पिनचा. मेन बंद. मेनवर लाल रिबिन.

उकाडा असा का भिंतीबी घामेजल्या होत्या. आत्याबाई पदरानं वारा घेत बसल्या. "काढ ना वो ते रिबिन. जीव चाल्ला माहा."

मामाजी गमछा गळ्यात घालून ऐटीत बसले होते. "कोनी हात लावाचा नाई. ज्यानं टांगली तोच काढन."

"तुमी तं गप्पच बसा."

"थांबा आत्याबाई," मी म्हनली. "अजून चालून नाई पाह्यलं."

प्लगपासून वायरवर बोट ठेवून मी चालली. पोरगी आता चांगली चालत होती, तीबी माह्या मांगं भिंतीवर बोट घासत चालली. रिबिन सोडली, मेन लावला, बेलनं सवयीनं काखेत होतं, पन कूलरचं बटन बोटानं दाबलं. पंखा घरघरला, पान्याचा वास आला, ओल्या गवताचा. मंग सारे माह्या हाताकडे पाहाले लागले. आत्याबाईबी. साऱ्यायले माहीत होतं आता काय राह्यलं.

पायात चप्पल घातली. हात पुसले. पत्र्याले टेस्टर लावला, त्याचा दिवा नाई लागला. मंग हाताची मांगची बाजू टेकवली. मंग पुरा पंजा.

थंडा होता. बस, थंडा लोखंडी पत्रा, आतून थरथरनारा, दुसरं काईच नाई. मी हात काढला नाई. ठेवूनच उभी राह्यली, अन् मले इतकं हासू येऊन राहिलं होतं.

"झालं का?" आत्याबाई म्हनल्या. "झालं असन तं ते बेलनं दे इकडे. पोळ्या राह्यल्या आहेत."